गर्भलेखाचं दुसरं पान

शैलजाबाई कवठेकरांना त्यांच्या मुलानं ‘आई’ म्हणून हाक मारली नव्हती, त्याला आता एक वर्ष चार महिने झाले होते. बाई मिरजेच्या मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे त्यांची मोजणी चुकण्याचा प्रश्नच नव्हता. घर तेच होतं, जेवायला बसायची जागाही तीच. पण सौमित्र बायकोकडे बघून म्हणायचा, “त्यांना सांग, मला उशीर होईल.” आणि ‘त्या’ वाढायचा डाव घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभ्या असायच्या. सून, ऋजुता, बिचारी वळून तेच वाक्य पुन्हा म्हणायची, आणि शैलजाबाई ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं मान हलवायच्या.

हे सगळं सुरू झालं ते एका तपासणीवरून. तिला लोक गर्भलेख म्हणत. ती काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांचं एक पुस्तक असतं, आईबापांकडून आलेलं. अक्षर न् अक्षर ठरलेलं. पण त्यातलं कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं हे ठरतं ते पानांवर लागलेल्या बारीक रासायनिक खुणांवरून. मिथाइल नावाचा एक चिमुकला रेणू जनुकाला जाऊन चिकटतो आणि ते जनुक बहुधा गप्प होतं. या खुणांपैकी पुष्कळशा आपण आईच्या पोटात असतानाच लागतात. आईच्या रक्तातली साखर वारेतून थेट बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र पलीकडे जात नाही. मग साखर वाढली की बाळाच्या नखाएवढ्या स्वादुपिंडाला तिचा निकाल एकट्यानं लावावा लागतो. बाळाचं शरीर त्यावरून धडा घेतं, तशा खुणा लावून टाकतं, आणि त्या खुणा जन्मभर राहू शकतात.

एवढं डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. पण मग आलं नवं यंत्र. रक्ताचे चार थेंब घेऊन ते नुसत्या खुणाच मोजायचं नाही, कुठली खूण कितव्या आठवड्यात लागली तेही सांगायचं. नऊ महिन्यांचा आलेख, आठवड्याआठवड्यानं. नवजात बाळाचा लेख नाळेच्या रक्तावरून निघायचा आणि मोठ्या माणसाचा दंडातल्या. शोध लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता हो, आजार आधी कळावा, वेळेवर जपता यावं. पण आपल्याकडे पाच वर्षांत लग्नाच्या पत्रिकेबरोबर गर्भलेख मागायला सुरुवात झाली. ‘मुलगी गोरी, गृहकृत्यदक्ष’ गेलं आणि ‘गर्भलेख स्वच्छ’ आलं. जन्माला येऊन तीस वर्षं झालेली माणसं आपापल्या आयांना जाब विचारू लागली.

सौमित्रला तिसाव्या वर्षी मधुमेह झाला. ना जाडेपणा, ना दारू, ना वडिलांकडे कुणाला. कुपवाडच्या त्याच्या कंपनीनं सगळ्यांचे गर्भलेख काढून घेतले, त्यात त्याचाही निघाला. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून चौतिसाव्यापर्यंत रेघ नुसती डोंगर चढत गेलेली. त्याचा जन्म जुलैतला. त्यानं बोटं मोजली आणि ते आठवडे एप्रिल-मेचे निघाले.

शैलजाबाईंना लख्ख आठवत होतं. डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजचं पाणी पाजून तपासणी केली होती, “जरा वाढलीय, गोड बंद करा,” असं बजावलं होतं. घरी सासूबाई म्हणाल्या की गरोदर बाईला हवं ते दिलं नाही तर बाळाचे कान फुटतात. आणि खरं सांगायचं तर सासूबाई हे निमित्त होतं. आमरस शैलजाबाईंना मनापासून आवडायचा. त्या वर्षी त्यांनी तो सकाळ-संध्याकाळ ओरपला होता.

सौमित्रनं तो कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, “आंबे तू खाल्लेस. सुया मी टोचतोय.”

त्यानंतर तो त्यांच्याशी थेट बोललाच नाही.

आणि अशात ऋजुताला दिवस गेले. अठराव्या आठवड्यात तिची साखर थोडी वाढलेली निघाली. गरोदरपणातला मधुमेह, अगदी सौम्य. डॉक्टरांनी सांगितलं की घाबरायचं काही कारण नाही, पाच वेळा थोडं थोडं खायचं, चालायचं, जेवणानंतर साखर एकशेचाळीसच्या आत राहिली की झालं, नाही राहिली तर इन्सुलिन देऊ. तिच्या दंडावर एक रुपयाएवढी चकती चिकटवली. ती चकती दर पाच मिनिटांनी साखर मोजून मोबाईलवर रेघ काढायची.

दवाखान्याचा नियम असा की ही रेघ घरातल्या दुसऱ्या एका माणसाच्या मोबाईलवर जावी; कुणाच्या, हा प्रश्न आला. सौमित्र म्हणाला, मला ती रेघ बघवणार नाही. ऋजुताचे वडील आणि भाऊ तिकडे चंद्रपूरला, आई तर ती कॉलेजात असतानाच गेलेली. शैलजाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतःचा नंबर दिला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिथे करणारं बाईमाणूस कोण होतं? तेव्हा बाळंतपण मिरजेलाच होईल असंही त्यांनीच ठरवलं. त्या रात्री त्यांना कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. एक लेख त्यांच्या हातून बिघडला होता, दुसरा त्या असा काढून दाखवणार होत्या की पोरानं बोट दाखवायला जागा राहू नये.

पहिला महिनाभर सगळं शहाण्यासारखं चाललं. ज्वारीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, जेवणानंतर गल्लीत वीस मिनिटं चालणं. रेघ हिरव्या पट्ट्यात राहायची. रविवारी मोबाईलवर दवाखान्याचं ‘अभिनंदन’ यायचं. एकदा जेवताना सौमित्रनं मोबाईलवर ओझरती नजर टाकली आणि म्हणाला, “त्यांना सांग, रेघ छान आहे.”

एवढंच. पण सोळा महिन्यांच्या उपाशी माणसाला तेवढं पुरलं. बाई आत जाऊन ओट्याशी उभ्या राहिल्या आणि पदरानं डोळे पुसले. आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला, कारण बाई गणिताच्या. त्यांच्या लक्षात आलं की ऋजुतानं भाकरी खाल्ली की रेघ थोडी उचलते आणि नाही खाल्ली की सपाट राहते. एकशेचाळीसच्या आत चालतं, तर एकशेवीसच्या आत अधिक चांगलं. आणि शंभराच्या आत त्याहून चांगलं. दीडाची एक भाकरी झाली. एकीची अर्धी झाली. मग संध्याकाळची भाकरी गेली आणि तिच्या जागी काकडी आली. पाच वेळचं खाणं तीन वेळांवर आलं. शंभरातल्या नव्व्याण्णव गुणांवर समाधान मानायची सवय त्यांना कधीच नव्हती.

ऋजुता घरूनच एका प्रकाशनाचं मुद्रितशोधन करायची. मितभाषी, उलटून न बोलणारी पोर. सातवा महिना लागता लागता तिला ओळी दोन-दोन दिसू लागल्या, टेबलाला धरून उठावं लागू लागलं. एकदा शैलजाबाई भाजी आणायला बाजारात गेल्या होत्या. कोथिंबिरीची जुडी हातात असतानाच मोबाईल थरथरला. रेघ वर चढलेली, एकशे अठरा. त्यांनी भाजीवाल्यासमोरच फोन लावला.

“काय खाल्लंस?”

ऋजुता म्हणाली, “एक चपाती. नुसती.”

“कुणाला विचारून?”

बाई घरी आल्या, चपात्यांचा डबा उचलून आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. त्यांना यात वाईट काही वाटलं नाही, उलट आपण वेळेवर पोचलो असं वाटलं. माणूस स्वतःच्या भल्या हेतूवर एकदा का बेहद्द खूश झाला की त्याला बाकीचं दिसत नाही, तसं झालं होतं.

त्या दिवशी दुपारी ऋजुता त्यांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. एका हातानं चौकट धरलेली. हळूच म्हणाली, “आई, मला भूक लागते हो.”

“लागू दे. तुझी भूक दोन महिन्यांची आहे, त्याच्या सुया जन्माच्या आहेत.”

पोर परत फिरली. पुन्हा तिनं हा विषय काढला नाही.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वजनाचा काटा बघून कपाळाला आठी घातली. सहाव्या महिन्यात एक्कावन्न किलो होतं ते आठव्याच्या तोंडाशी पन्नास. खायला घाला, असं त्या दोनदा म्हणाल्या. शैलजाबाईंनी सांगितलं की खाते हो भरपूर, अंगाला लागत नाही तिच्या. ऋजुता शेजारीच बसली होती. तिनं सासूकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी लघवी तपासायच्या पट्ट्यांची एक डबी दिली. पोटात अन्न नसलं की शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं आणि त्याचा अंश लघवीत उतरतो, तेव्हा पट्टी जांभळी होते, तसं झालं तर लगेच फोन करा. पट्टी पहिल्याच दिवशी गर्द जांभळी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शैलजाबाईंनी डबी उलटीसुलटी करून पाहिली, मुदत संपलेली असेल असं स्वतःशीच म्हणाल्या आणि ती केराच्या डब्यात टाकून दिली. मुदतीची तारीख डबीवर छापलेली होती. ती त्यांनी वाचली नाही. इथे मी या बाईंना माफ करू शकत नाही.

डोहाळेजेवण करायचंच नाही असा त्यांचा विचार होता. पण गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, सुनेची एवढीही हौस नाही का, तेव्हा करावं लागलं. फुलांचे दागिने आणले, झोपाळा सजवला. ताटात पाच पदार्थ होते. काकडी, उकडलेले मूग, मेथीची पानं, लिंबू आणि ताक. दोन वाट्या पालथ्या घालून, एकीखाली पेढा एकीखाली बर्फी ठेवून, मुलगा की मुलगी ओळखायचा खेळ असतो. इथे एकीखाली गाजराची चकती निघाली आणि दुसरीखाली मुळ्याची. बायका हसल्या, बाई शिस्तीच्या हो, म्हणाल्या. ऋजुताही हसली. गालाची हाडं वर आलेली, त्यावर लोंबणाऱ्या मोगऱ्याच्या लडी.

शेजारच्या बागवानकाकूंना मात्र राहवलं नाही. त्यांनी पदराआडून घरचा खव्याचा पेढा काढला आणि ओटी भरता भरता पोरीच्या तोंडात घातला. ऋजुतानं डोळे मिटून घेतले. तिनं तो चावला नाही, नुसता जिभेवर धरून ठेवला होता. शैलजाबाई झोपाळ्याशी आल्या आणि तिच्या हनुवटीखाली तळहात धरला.

“थुंक,” त्या म्हणाल्या.

वीस बायका बघत होत्या. ऋजुतानं पेढा सासूच्या हातावर थुंकला. बागवानकाकू रडवेल्या होऊन उठून गेल्या, बाकीच्याही फार वेळ बसल्या नाहीत. संध्याकाळी मोबाईलवर रेघ एकदम सपाट होती, आणि सौमित्र बायकोला म्हणाला की त्यांना सांग, आजच्या दिवशीसुद्धा सांभाळलंत म्हणजे कमाल आहे.

अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन एक किलो नऊशे. त्वचा सैल, पाय काडीसारखे, रडण्याचा आवाज मात्र घराबाहेर ऐकू जाईल असा. नाळेचं रक्त यंत्रावर गेलं, आणि सहाव्या दिवशी नोंदवलेल्या नंबरावर निरोप आला की गर्भलेख तयार आहे, समजावून घ्यायला आईनं यावं. ऋजुताच्या अंगात उठून बसायचं त्राण नव्हतं आणि सौमित्र कामावर होता. दवाखान्यात बाकावर फाईल घेऊन बसलेल्या घरच्या वडीलधाऱ्या बाईलाच सगळं सांगून मोकळं व्हायची आपल्याकडची पद्धत. तशा शैलजाबाई गेल्या.

तिथल्या समुपदेशक शबाना नदाफ या चाळिशीच्या, मृदू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पहिलं पान पडद्यावर आणलं. साखरेच्या खुणा शून्य. अशी रेघ मी नोकरीत पाहिली नव्हती, असं त्या म्हणाल्या. शैलजाबाईंचा ऊर भरून आला. मग नदाफबाईंनी दुसरं पान काढलं.

“काकू, घरी काही अडचण होती का? खाण्यापिण्याची?”

शैलजाबाई म्हणाल्या की देवाच्या दयेनं काही कमी नाही.

“मग हे असं का आलं कळत नाही. या उपासमारीच्या खुणा आहेत. बाविसाव्या आठवड्यापासून शेवटपर्यंत. अशा खुणा दुष्काळात दिवस काढलेल्या बायकांच्या मुलांत सापडतात.”

आणि त्यांनी समजावून सांगितलं. बाळाला पोटात मिळालं नाही की त्याचं शरीर अशी खूणगाठ बांधतं की बाहेर सगळीकडे दुष्काळच आहे. म्हणून ते स्वादुपिंड लहान ठेवतं, स्नायू कमी करतं आणि मिळेल तो कण चरबी करून साठवायची तयारी करतं. बाहेर खरोखर दुष्काळ असेल तर असं मूल तगेल. पण बाहेर सुकाळ असला तर तेच शरीर त्याच्या मुळावर येतं. साखरेच्या खुणांनी जो मधुमेह तिशीत येतो तो यांच्यात पंधराव्या-सोळाव्या वर्षी येऊ शकतो. जरा वाढलेल्या साखरेनं एवढं काही झालं नसतं, असंही त्या बोलता बोलता म्हणून गेल्या.

“पण हातातून गेलेलं नाही,” त्या पुढे म्हणाल्या. “पहिली दोन वर्षं हिला हळूहळू वाढू द्या. आईचं दूध, आणि तेही आईला पोटभर जेवायला घालून. दुधाची पावडर नको, साखर नको, तूप नको, गुटगुटीत करायची घाई नको. हळू वाढली तर यातल्या निम्म्याहून जास्त खुणा सैल पडतात. झपाट्यानं वजन वाढलं तर त्या पक्क्या होतात, आणि मग काही करता येत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत हवं. तिच्या आईला आजच सांगा.”

दुसरं पान वाचल्याची खूण म्हणून मोबाईलवर एक बटण दाबायचं होतं. शैलजाबाईंनी ते दाबलं.

रिक्षात बसून घरी येईपर्यंत त्यांनी ठरवलं होतं की सांगायचं. हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. आपण काय करून बसलो ते त्यांना पुरतं समजलं होतं. चपात्यांचा डबा, जांभळी पट्टी, हातावरचा पेढा, सगळं डोळ्यांपुढून जात होतं. सौमित्रला फोन करून बोलवायचं, दोघांना समोर बसवायचं, दुसरं पान दाखवायचं आणि मग तो जे बोलेल ते ऐकून घ्यायचं.

सौमित्र दारातच उभा होता. अर्धी रजा टाकून आला होता. त्यानं मोबाईल मागून घेतला, आणि पहिलं पान उघडलं गेलं. तो बघत राहिला. नऊ महिन्यांची रेघ, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हिरवी. 

“आई,” तो म्हणाला, “तू करून दाखवलंस.”

आणि चपला काढायला वाकावं तसा वाकून तो त्यांच्या पायांवर हात ठेवून रडला. वीस महिन्यांनी. शैलजाबाईंचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला. लहानपणी होते तसेच दाट, कुरळे केस. उद्या सांगू, असं त्यांच्या मनात आलं.

उद्या सांगितलं नाही. परवाही नाही. सौमित्र सकाळी चहा घेताना ‘आई, ऐक ना’ म्हणून ऑफिसातलं काहीबाही सांगायचा, आणि बाई कप हातात धरून ऐकत राहायच्या. अशी सकाळ कुठल्या तोंडानं मोडायची?

तिसऱ्या आठवड्यात तो पावडरच्या दुधाचे दोन डबे घेऊन आला. शैलजाबाई म्हणाल्या की अंगावरचं दूध पुरे, पोरीला हळूहळू वाढू दे, घाई कशाला. सौमित्र हसला. म्हणाला, आई, आता कसली भीती? लेख स्वच्छ आहे, हिला काहीही चालतं. हे त्यांच्या तोंडून दोनदा, तीनदा निघालं आणि दर वेळी त्याच उत्तरावर बंद पडलं. खरं कारण सांगितल्याशिवाय तिथे दुसरं कुठलं कारण टिकणारं नव्हतं.

ऋजुताला मात्र शंका होती. बाळ महिन्याचं झालं तेव्हा, शैलजाबाई बाळाचे कपडे घड्या घालत असताना, ती म्हणाली, “मी उपाशी राहिले, त्याचं काही नाही ना आलं लेखात?”

शैलजाबाईंनी झबल्याची घडी नीट केली. कड कडेला लावली.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“नक्की?”

“मी स्वतः वाचलाय.”

ऋजुतानं श्वास सोडला. मग पाळण्याकडे बघत म्हणाली, “बरं झालं. आता हिला मी कधी भूक लागू देणार नाही. एक दिवससुद्धा.”

आणि तिनं तो शब्द पाळला. इरावती नुसती चुळबुळली तरी तिच्या तोंडात बाटली जायची. ऋजुताचं स्वतःचं दूध आटत चाललं होतं, म्हणून पावडर वाढत गेली. पोर आधी भरली, मग गुबगुबीत झाली, मग मनगटाला वळ्या पडल्या. गल्लीतल्या बायका बघायला येऊन म्हणायच्या, कोण म्हणेल ही दोन किलोची पण नव्हती. बागवानकाकूसुद्धा आल्या आणि बाळाच्या गालावरून हात फिरवून, झालं गेलं विसरून गेल्या. सौमित्र दर रविवारी पोरीला काट्यावर ठेवायचा आणि आकडा मोठ्यानं वाचून टाळी द्यायचा. दवाखान्यातून महिन्याच्या महिन्याला शैलजाबाईंच्या मोबाईलवर विचारणा यायची, बाळाचं वजन नोंदवा. बाई खोलीचं दार लोटून घ्यायच्या आणि जे वजन असायला हवं होतं ते भरायच्या. सहा महिन्यांत त्यांनी एक अतिशय सुंदर, सावकाश चढणारी रेघ काढली. नदाफबाईंनी एकदा फोन करून कौतुक केलं, की काकू, तुमच्यासारखं घर मिळालं म्हणून ही मुलगी वाचली.

कधी दुपारी घरात कुणी नसलं की त्या पाळण्याशी बसायच्या. पोर हातपाय झाडत त्यांच्याकडे बघून खिदळायची. अजून दीड वर्ष आहे, त्या स्वतःशी मोजायच्या. आज सांगितलं तरी बरंचसं वाचेल. सौमित्र आल्या आल्या सांगू. मग फाटक वाजायचं, तो बाहेरूनच “आई” म्हणून हाक द्यायचा, आणि त्या उठून चहाचं आधण ठेवायच्या.

सातव्या महिन्यात उष्टावण ठरलं. ऋजुताचा भाऊ निनाद चंद्रपूरहून आला, चांदीची वाटी-चमचा घेऊन. बाळाला पहिला घास मामानं भरवायचा असतो. रव्याची खीर ऋजुतानं स्वतः केली होती, भरपूर तूप-साखर घालून, वर वेलदोडा. इरावतीला झालर लावलेला परकर नेसवला होता. तो कमरेत घट्ट होत होता म्हणून त्याची नाडी सैल बांधली होती. निनादनं तिला मांडीवर घेतलं आणि वाटी उचलली, तेव्हा सौमित्र म्हणाला, थांब. आज रीत थोडी मोडू. या पोरीचा लेख ज्यांनी जपला त्यांच्या हातचा पहिला घास तिला मिळू दे.

निनादनं आनंदानं वाटी पुढे केली.

शैलजाबाई जागच्या हलल्या नाहीत. सगळे त्यांच्याकडे बघत होते. सौमित्रचा चेहरा तर शाळेत पहिला आल्यावर उजळायचा तसा उजळला होता. त्यांनी तोंड उघडलं. “सौमित्र,” त्या म्हणाल्या, “मला जरा...”

“काय गं आई?”

त्या म्हणाल्या, “खिरीत साखर जास्त वाटते. आज नुसतं बोट लावू या.”

सौमित्र मोठ्यानं हसला आणि निनादला म्हणाला की बघ, अजून पहारा सुटलेला नाही. हसली नाही ती फक्त ऋजुता. ती उठली, निनादच्या मांडीवरून मुलीला घेतलं, सासूच्या मांडीवर आणून ठेवलं, आणि वाटी त्यांच्या हातात दिली.

“भरवा आई,” ती म्हणाली. “हिला तरी नाही म्हणू नका.”

शैलजाबाईंनी चमचा भरला. इरावतीनं पहिल्यांदा तोंड वेडंवाकडं केलं, मग गोडवा जिभेला लागला तसे तिचे डोळे मोठे झाले. तिनं चमचा हिरड्यांनी घट्ट धरला आणि सोडेचना. सगळे टाळ्या वाजवून हसले. चमचा कसाबसा सुटला तशी ती दोन्ही हात वाटीकडे पसरून, सगळं अंग ताणून पुढे झाली.

“दे गं आई, मागतेय ती,” सौमित्र म्हणाला.

बाईंनी दुसरा चमचा भरला. वाटी रिकामी होईपर्यंत पोरीनं एकदाही तोंड मिटलं नाही.